उलट्या वेळेची राखण

त्या दिवशी सकाळपासून शिरोक्को सुटला होता. समुद्रापलीकडून येणारा हा वारा थंडावा देत नाही, अंगाला चिकटून बसतो. बरणीतलं मीठ पाणी सोडतं, पावाचा कडक पापुद्रा चामड्यासारखा होतो, दगडी जिन्यांना घाम फुटतो. आभाळात ढग नव्हते, पण ते निळंही नव्हतं. तांब्याच्या जुन्या भांड्यात आतून पाहावं तसं तांबूस, धुळकट. संताची जत्रा तोंडावर आली होती. चौकात बँडसाठी लाकडी मांडव उभा राहिला होता आणि त्यावरचे रंगीत दिवे वाऱ्यानं एकमेकांवर हलके हलके आपटत होते.

मी दाढी करायला सबिनोकडे निघालो होतो. सबिनो आमच्या आक्वास्पिना गावाचा न्हावी, आणि बँडमास्तरही तोच. त्याच्या बँडमधे मी झांजा वाजवतो. मला वाचता येत नाही, ना अक्षर, ना सूर. सबिनोची भुवई वर गेली की वाजवायचं, खाली आली की थांबायचं. तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं.

दुकानात नेहमीचीच मंडळी होती, पण बोलणं दबकं होतं.

"आला," सबिनो पट्ट्यावर वस्तरा घासत म्हणाला.

"कोण?"

"तो. रोमहून. पेटीत."

सगळ्यांचे हात खिशातल्या लोखंडाकडे गेले, अपशकुन टळावा म्हणून. माझाही गेला. माझ्या खिशात घराची लोखंडी किल्ली असते, ती मी मुठीत धरली. ज्यांच्याजवळ लोखंड नव्हतं त्यांनी खुर्चीचा पाय धरला. एकदोघांनी हात जिथे लावला ते सांगण्यासारखं नाही.

तो म्हणजे आमचा मायेस्त्रो, संगीत रचणारा. त्याचं नाव आम्ही घेत नाही. मी इथेही घेतलेलं नाही, शोधू नका.

त्याचा बाप आमच्याच बँडमधे कर्णा वाजवायचा. पोराचा कान असा होता, की चर्चची घंटा किंचित चिरली तेव्हा ते आधी त्याला कळलं. नेपल्सला शिकला. तिथेच त्याची पहिली ऑपेरा लागली, आणि दुसऱ्या अंकात वरून नेपथ्याचा जड दांडा सुटला, खाली पडदा ओढणारा माणूस जागीच गेला. दुसरी ऑपेरा लागली, त्यात मुख्य गवई सूर लांबवता लांबवता गुडघ्यावर बसला. लोकांना वाटलं अभिनय आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो काही परत उठला नाही. मायेस्त्रोचं यात काय होतं? तो बिचारा दोन्ही वेळा वरच्या बॉक्समधे आईशेजारी बसून नखं खात होता. पण नाटकवाल्यांची जात अशी, की एकदा एखाद्याच्या नावाला अपशकुन चिकटला की तो निघत नाही. तिसरी ऑपेरा त्यानं लिहिली, ती कुणी हातात धरली नाही. त्याचं नाव निघालं की गाणाऱ्या बाया क्रूस करायच्या आणि पुरुष लोखंड शोधायचे.

मग तो रोमला सिनेमात गेला. तलवारी घेतलेले ग्लॅडिएटर, समुद्री चाचे, रडक्या आया, बायकोला भिणारे दारुडे, सगळ्यांच्या मागे त्याचंच संगीत. आमच्याकडे उन्हाळ्यात सिनेमा उघड्यावर दाखवत. पडद्यावर नावं सरकायला लागली आणि त्याचं नाव आलं, की अंधारात बसलेल्या सगळ्या गावाच्या किल्ल्या एकदम खुळखुळायच्या. मग हशा व्हायचा. त्याची बहीण एर्सिलिया पुढच्या रांगेत बसलेली असायची. ती कधी मागे वळून बघायची नाही. पाठ मात्र ताठ करायची.

ही गोष्ट सिनेमावाल्यांच्याही कानावर गेली असणार. पुढे पुढे पडद्यावर त्याच्या जागी कुठलंतरी बनावट नाव येऊ लागलं. गाव निश्चिंत झालं. टोमॅटोचा रस बाटल्यांत भरताना आमच्या बाया ती सिनेमातली गाणी गुणगुणायच्या, कुणाची आहेत ते ठाऊक नसताना.

पण खरी लाजेची गोष्ट वेगळीच. त्या न लागलेल्या तिसऱ्या ऑपेरात दोघांचं एक गाणं आहे. ते त्यानं स्वतः आमच्या बँडसाठी उतरवून पाठवलं होतं. बाईच्या गळ्याचं सगळं सबिनोचा कर्णा गातो. जत्रेत आम्ही ते दरवर्षी वाजवतो, दरवर्षी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्या गावची माणसं खास त्यासाठी चालत येतात. आणि वाजवण्याआधी सबिनो टोपी काढून सांगतो, "आता आपल्या मातीतलं एक गाणं." बस. मातीनंच लिहिलं असावं तसं.

तर त्या दिवशी सबिनोनं माझ्या एका गालावरची दाढी काढली होती, दुसऱ्यावर साबण होता, तेवढ्यात दुकानाच्या दारात एर्सिलिया येऊन उभी राहिली. न्हाव्याच्या दुकानात बायका येत नाहीत. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. काळा झगा, काळे मोजे, त्या उकाड्यातही.

"सबिनो, मला पाद्रीबाबांकडे जायचंय. मग वर कबरस्तानात गवंडी आलाय का ते बघायचंय. तोवर भावाजवळ कुणीतरी बसायला हवं. मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत."

पेटी थिएटरात ठेवली होती. चर्चमधे जत्रेसाठी संताची मूर्ती खाली उतरवलेली, तिच्याशेजारी ही पेटी नको असं कमिटीनं सांगितलं. मेयरसाहेब म्हणाले, थिएटर देऊ, कलावंताचा मान राहील. असं म्हणून ते पोहायला निघून गेले.

दुकानात सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सबिनो म्हणाला, "बाई, माझ्या हातात वस्तरा असतो. हात थरथरला तर गिऱ्हाईकाचं काय?"

"माझी कंबर धरलीय," एकजण म्हणाला.

"माझी बायको गरोदर आहे," बेकरीवाला म्हणाला.

"तुझी? ती पन्नाशीची आहे ना रे?"

"म्हणून तर जास्त जपावं लागतं."

हसू दाबायला सगळ्यांनी माना खाली घातल्या. एर्सिलिया तशीच उभी. तिला या सगळ्याची सवय होती, हेच मला तेव्हा बघवेना.

"दोरोकाकांना न्या," सबिनो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "बायको गेली, मुलगा जर्मनीला, शेळी मेली. यांचं वाईट व्हायला आता उरलंय काय?"

आता सगळे उघडच हसले. मीही हसलो. आणि अर्ध्या दाढीनं उठलो. मी चांगला आहे म्हणून उठलो असं नाही. बसून राहायची लाज वाटली, एवढंच.

वाटेत तिनं रुमालानं माझ्या कानाखालचा साबण पुसला. म्हणाली, "दोरो, जपमाळ म्हणता येते ना?"

"येते बाई."

"दर दहा मण्यांनंतर त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची, आणि तिथे त्याचं नाव घ्यायचं. पूर्ण नाव. मोठ्यानं." तिनं तो रुमाल घडी करून बाहीत खोचला. "त्या ऑपेरांपासून या गावात ते फक्त माझ्या तोंडून निघालंय. नाताळात मी रोमला जायची, तो विचारायचा, एर्सी, तिकडे माझं नाव घेतं का गं कुणी? मी म्हणायची, घेतात की. गावच्या माणसाच्या तोंडून आज एकदा निघू दे. त्याला आणखी काही नको."

"घेईन," मी म्हणालो.

"फार चिवट होता तो," ती म्हणाली. "एखाद्या सुरावर अडला की तो सुटेपर्यंत जेवायचा नाही. ताटावर तसाच बसून राहायचा."

थिएटर आमचं छोटं आहे, पण खरं आहे. तीन मजले बॉक्स, वर गॅलरी, समोर वादकांचा खड्डा. रंगमंचाच्या अगदी कडेला प्रॉम्प्टरची खोबण, लाकडी झाकणाची. गाणारा शब्द विसरला की आत बसलेला माणूस पहिलं अक्षर हळूच सांगतो. पेटी रंगमंचाच्या मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती. चार मेणबत्त्या, त्या उकाड्यानं वाकलेल्या. ओल्या मखमलीचा वास, उंदरांचा वास, धुपाचा वास, आणि धूप ज्यासाठी जाळतात त्याचा, अगदी थोडा. एर्सिलियानं मला एक खुर्ची दिली, पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला, आणि गेली. मोठं दार बंद झालं तेव्हा मेणबत्त्या एकदा आडव्या झाल्या आणि पुन्हा सरळ झाल्या.

जेवणं उरकल्यापासून ऊन कलेपर्यंतच्या वेळेला आमच्याकडे उलटी वेळ म्हणतात. रात्रीची भीती आम्हाला फारशी नाही, रात्री माणसं जागी असतात, दारात खुर्च्या टाकून बसतात. उलट्या वेळेत सगळं गाव झोपतं, झडपा बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. पोरांना तेव्हा घराबाहेर सोडत नाहीत. उन्हात सावल्या नसतात, म्हणून कोण जिवंत आणि कोण नाही ते ओळखू येत नाही, असं माझी आई सांगायची.

तीच वेळ लागत होती, तेव्हा मी माळ काढली आणि सुरुवात केली. नमो मरिये, नमो मरिये. माझा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून जाऊन कुठेतरी मऊ जागी बुडत होता. दहा मणी झाले. मग, "हे प्रभो, तुझा सेवक..." आणि इथे नाव.

मी थांबलो.

खरं सांगतो, मला ते घ्यायचं होतं. ते लांबलचकही नाही. पोरपणी त्याला तळ्याकाठून हाक मारायचो तेव्हा हजारदा घेतलेलं. जीभ टाळ्याला लागली, आणि तिथेच राहिली.

"...याला चिरशांती दे," मी म्हणालो.

वर गॅलरीत काहीतरी वाजलं. फार बारीक. एकच किल्ली दुसरीवर घासावी तसं. मी वर पाहिलं. अंधार, आणि झडपेच्या फटीतून आलेली धुळीची एक तिरपी पट्टी. वारा असेल. पडद्याच्या कड्या असतील. जुन्या घरात काय वाजेल ते सांगता येत नाही.

पुन्हा दहा मणी. "हे प्रभो, तुझा सेवक..."

या खेपेला मी शब्द ओठांपर्यंत आणला. आणि डावीकडच्या बॉक्समधून तो आवाज आला. मग उजवीकडून. मग खालच्या खुर्च्यांतून, इथून, तिथून. खुळ... खुळ खुळ... घाईनं नव्हे. लोक आपापल्या खिशात चाचपत असावेत तसं. काही क्षणांत सगळं थिएटर किल्ल्यांनी खुळखुळत होतं, गच्च भरल्यासारखं, आणि एकही चेहरा नाही. मी ओठ मिटले तसं ते थांबलं.

तो आवाज मला परका नव्हता. उघड्यावरच्या सिनेमातला तोच आवाज. त्यात माझीही किल्ली असायची, आणि त्या वेळी मला तो गमतीचा वाटायचा. त्या खुर्चीवर बसून, त्याच्याकडे तोंड करून, मी पहिल्यांदा तो त्याच्या बाजूनं ऐकला.

"कोण आहे?" मी विचारलं. "कोण... आहे तिथे?"

मेणाचा एक थेंब फळीवर पडला.

मला उठून जाता आलं असतं. पण मेलेल्याला एकटं ठेवत नाहीत. मी माळ पुढे चालवली. घाम डोळ्यांत जात होता. साबण वाळलेला गाल ओढला जात होता. पुन्हा ती जागा आली.

"हे प्रभो... तुझा सेवक..."

किल्ल्या वाजल्या नाहीत. त्याऐवजी अख्खं थिएटर श्वास धरून बसलं. बँडमधे आयुष्य गेलं माझं, वाट बघणाऱ्या लोकांची शांतता मला अंगाला कळते. ती रिकाम्या जागेची शांतता नव्हती.

मग प्रॉम्प्टरच्या खोबणीतून कुणीतरी श्वास घेतला.

आणि हळूच, गाणारा अडलाय हे ओळखून त्याला सांभाळून घ्यावं तसं, नावाचं पहिलं अक्षर आलं.

रागावलेला आवाज नव्हता तो. तेच मला सोसवत नाही. दटावणारा असता तर मी भिऊन का होईना, बोलून गेलो असतो. तो आवाज समजुतीचा होता. जरा थांबून त्यानं पुन्हा तेच अक्षर दिलं, किंचित लांबवून, मला धरता यावं म्हणून. मग तिसऱ्यांदा. वाट पाहिली. मला फक्त तिथून पुढे बोलायचं होतं.

माझा उजवा हात खिशात होता. तो कधी गेला मला ठाऊक नाही. माळ गुडघ्यावर एका हातात लोंबत होती आणि दुसऱ्या हातानं मी ती लोखंडी किल्ली इतकी आवळली होती, की तिचे दाते तळव्यात रुतले. पेटीसमोर. त्याच्यासमोर.

"याला..." मी म्हणालो. "याला चिरशांती दे."

खोबणीतून एक उसासा आला. त्यानंतर खुर्च्यांची आसनं उलटावीत तसा एक मऊ आवाज मागच्या रांगेपासून पुढे आला आणि थांबला. खेळ पडला की लोक न बोलता उठून जातात, तसं. पुढे काही झालं नाही. उरलेली माळ मी म्हटली, दर वेळी तेच 'याला' म्हटलं, आणि दर वेळी काहीच झालं नाही. ते काही न होणं सगळ्यांत वाईट होतं.

एर्सिलिया परत आली तेव्हा मेणबत्त्या बुडाशी आल्या होत्या. चालून चालून ती धापा टाकत होती.

"घेतलंत?"

"हो," मी म्हणालो.

"मोठ्यानं?"

"हो, बाई."

तिनं डोळे मिटले. मग माझा उजवा हात धरला आणि उलथा केला. तळव्यावर किल्लीचे दाते लाल उमटले होते. तिनं ते पाहिले की नाही, मला माहीत नाही. पण ओठ तिनं नेमके तिथेच टेकले.

उन्हं उतरल्यावर प्रेतयात्रा निघाली. सबिनोनं बँड आणला होता, तेवढी माणुसकी होती आमच्यात. वर कबरस्तानात आम्ही ते दोघांचं गाणं वाजवलं. सबिनोची भुवई वर गेली, मी झांजा वाजवल्या. मेयरसाहेब उन्हानं सोललेल्या नाकानं, ओल्या केसांनी आले. "आपले थोर सुपुत्र," ते म्हणाले. "आपल्या मातीचा अभिमान." एक हात कोटाच्या खिशात होता. पाद्रीबाबा लॅटिनमधे काहीतरी पुटपुटले. पेटी भिंतीच्या कोनाड्यात सरकवली, गवंड्यानं विटा लावून वर सिमेंट फिरवलं. तो गवंडी बाहेरगावचा, तरुण. ओल्या सिमेंटवर खिळा टेकवून त्यानं मागे वळून पाहिलं. एर्सिलियाला चक्कर आली होती, बाया तिला सावलीत घेऊन बसल्या होत्या. त्याच्या सर्वांत जवळ मी उभा होतो.

"आजोबा, काय लिहू? नाव सांगा."

आणखी एकदा मला संधी मिळाली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. सबिनो कर्णा छातीशी धरून जमिनीकडे बघत होता.

"संगमरवराची पाटी येणार आहे," मी म्हणालो. "आत्ता राहू दे."

त्यानं खांदे उडवले, एक क्रूस ओढला आणि खिळा खिशात टाकला.

मी एकटाच उतारानं घरी आलो. शिरोक्को पडला होता. पानही हलत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी सांजेचा उजेड होता आणि माझ्या दारापुढचा मण्यांचा पडदा, जो वाऱ्याशिवाय हलत नाही, हळूहळू झुलत थांबत होता. उन्हाळ्यात आम्ही दारं लावत नाही, नुसता पडदा सोडतो.

समोर लिरी उंबऱ्यावर बसून बदाम फोडत होती. ही मुलगी आल्बानियाची, जहाजातून आलेल्या निर्वासितांपैकी. समोरची खोली तिनं भाड्यानं घेतली, त्याला फार दिवस झाले नाहीत. गावात कोण कुणाचा, कुणाचं काय, तिला काही ठाऊक नाही. मला ती काका म्हणते. दगड खाली ठेवून ती हसली आणि झग्याला हात पुसत उठली.

"आलात का काका? अहो, तुमचे पाहुणे केव्हाचे येऊन बसलेत. दारात घुटमळत होते, म्हटलं उन्हात कशाला, आत बसा, येतीलच ते. पाणी नेऊन दिलं, बदाम दिले, कशाला हात लावला नाही. नुसते टेबलाशी बसून आहेत. माणूस भला वाटतो, हळू बोलतो, पण एवढ्या उकाड्यात जाड काळा कोट. मी नाव विचारलं, तर म्हणाले, दोरोनं आज मोठ्यानं घेतलंय की, त्यालाच विचार. काय नाव हो त्यांचं?"